टिळकांचा दरबार चर्चबाहेरचा नव्हता



गेल्या अंकातील पत्रलेखकाने चर्च म्हणजेच देवाचे राज्य असे ठासून सांगितले आणि पुरावा म्हणून संत ऑगस्टीनला उभे केले. ऑगस्टीनने चर्चला ख्रिस्ताचे राज्य म्हटले, हे खरे. पण त्याच चर्चमध्ये गव्हाबरोबर निदणही वाढते, हेही त्यानेच बजावले होते. हा अर्धा भाग पत्रात गळाला. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही चर्चला त्या राज्याचे बीज आणि आरंभ म्हटले. पिकाची रास अजून खळ्यावर यायची आहे.



मराठी वाचकांना याहून जवळचा दाखला आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. पुढे अमेरिकन मराठी मिशनचे पाळक आणि 'ज्ञानोदय'चे संपादक असलेल्या या कवीने १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताचे शिष्यत्व. मिशनमधल्या अनेकांना हे रुचले नाही. पत्रलेखक मात्र याला 'चर्चशी फारकत' म्हणतात, ते पटण्याजोगे नाही. टिळकांनी ख्रिस्ती मंडळीशी नाते तोडले नव्हते; मिशनच्या कुंपणापुरते राज्य मोजायला त्यांचा विरोध होता.

मे १९१९ मध्ये टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार काळ टिकला नाही. पत्रलेखकाने हवे तर यावर बोट ठेवावे.

— एक वाचक, फर्दापूर (जि. छत्रपती संभाजीनगर)