इंजिनाचा जोर आणि विम्याचा आधार

कऱ्हाडलगतच्या मलकापुरांतून महामार्गावर धांवणाऱ्या मोटारी पाहून घरांतील तरुणांस आपल्याहि गाडीच्या इंजिनाचा जोर वाढवावासा वाटतो, यांत नवल नाहीं. परंतु खर्चाआधीं कायदा पाहावा, असें आम्ही वडीलधाऱ्यांस सुचवितों. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, नोंदणीपत्रकांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल करतां येत नाहीं. २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच बजावलें. विमा हा विश्वासाचा करार. फेरबदल लपविल्यास अपघातानंतर स्वतःच्या गाडीची भरपाई नाकारली जाऊं शकते, आणि तो भार एकत्र कुटुंबाच्या पुंजीवर पडतो. गाडी विकतांना हा खर्च क्वचितच वसूल होतो. त्यापेक्षां ब्रेक व टायर उत्तम राखण्यांतच आम्हांस खरा लाभ दिसतो.