६५ पूर्ण झाले की 'लाडकी बहीण' बंद, मग 'श्रावणबाळ' मिळतं का? भंडाऱ्यातल्या एका आजीचं गणित

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात एक आजी-आजोबा राहतात. दोघंच. दीड एकर धान आणि हंगाम संपला की मिळेल ती मजुरी. दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६० हजार रुपये. आजींच्या खात्यात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचे महिन्याला १,५०० रुपये येतात. गुडघ्याची औषधं आणि थोडा किराणा त्यातच भागतो.

आता आजींना ६५ वर्षं पूर्ण होतात. आणि इथूनच खरी अडचण सुरू होते.

नेमकं काय होतं?

२०२४ मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या महिलांसाठी आहे. ६५ पूर्ण झाले की लाभ बंद. तुम्ही म्हणाल, मग वृद्धांसाठी 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' आहेच की! आहे. ती ६५ वर्षांपासूनच सुरू होते आणि रक्कमही तेवढीच, १,५०० रुपये.

पण अट बघा. लाडकी बहीणसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २ लाख ५० हजार रुपये आहे. श्रावणबाळसाठी ती आहे फक्त २१ हजार. दुसरा मार्ग म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असणं. आजींचं नाव यादीत नसेल, तर ६० हजारांच्या उत्पन्नावर त्या बाद.

म्हणजे काल सरकारच्या लेखी आजी मदतीला पात्र होत्या. आज वय वाढलं, गुडघे आणखी दुखायला लागले, मजुरी कमी झाली आणि त्या अपात्र ठरल्या.

२१ हजार म्हणजे किती?

महिन्याला १,७५० रुपये. दिवसाला साधारण ५८ रुपये, तेही अख्ख्या कुटुंबाचे.

२०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. कुटुंबातल्या एकानं ६८ दिवस काम केलं तरी २१,२१६ रुपये होतात आणि मर्यादा ओलांडली जाते. पूर्ण १०० दिवस मिळाले, तर ३१,२०० रुपये. सरकारच्याच कामावर राबलं की सरकारच्याच पेन्शनमधून नाव जाणार, असं हे गणित आहे.

२०२३ मध्ये श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनेची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये झाली. उत्पन्नाची मर्यादा मात्र वाढली नाही.

याचा एक परिणाम गावागावांत दिसतो. उत्पन्नाचा दाखला 'बसवून' घ्यावा लागतो. जो खरं उत्पन्न सांगतो तो बाहेर राहतो आणि ज्याची तहसीलमध्ये ओळख आहे त्याचं काम होतं.

एकच माणूस, चार खिडक्या

लाडकी बहीण महिला व बालविकास विभागाकडे. श्रावणबाळ सामाजिक न्याय विभागाकडे. चष्मा, काठी, श्रवणयंत्रासाठी एकदाच ३,००० रुपये देणारी 'मुख्यमंत्री वयोश्री योजना' वेगळी, तिची उत्पन्न मर्यादा २ लाख. अपंगत्व असेल तर संजय गांधी निराधार योजना, तिथे मर्यादा ५० हजार.

प्रत्येक खिडकीवर विचारतात, 'तुम्ही आमच्या अटीत बसता का?' 'तुम्हाला नेमकं काय हवंय?' हे कुणीच विचारत नाही. कदाचित आजींना पैशांइतकीच गरज बँकेत नेणाऱ्या कुणाची तरी असेल. पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात, पण खात्यापर्यंत पोहोचायला एसटी किंवा ऑटो लागतो. शिवाय दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसानं तो कसा द्यायचा?

दिव्यांगांचं तेच. ऑक्टोबर २०२५ पासून त्यांची मदत २,५०० रुपये झाली, हे चांगलंच आहे. पण ४० टक्के अपंगत्व असलेला आणि चोवीस तास दुसऱ्यावर अवलंबून असलेला, दोघांना रक्कम सारखीच.

मग दुसरं काय करता येतं?

केरळचं उदाहरण घ्या. तिथे वृद्धांच्या पेन्शनसाठी उत्पन्नाची मर्यादा १ लाख रुपये आहे. ज्यांना हवं त्यांना सहकारी संस्थेचा माणूस घरी येऊन पैसे देतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसासाठीही 'आश्वासकिरणम' नावाची वेगळी मदत आहे, महिन्याला ६०० रुपये. रक्कम छोटी आहे, पण काळजी घेणं हेही काम आहे हे त्यात मान्य केलंय.

महाराष्ट्रातही सुरुवात अवघड नाही. लाडकी बहीणच्या प्रत्येक लाभार्थीचं वय, आधार आणि बँक खातं सरकारकडे आहेच. ६५ पूर्ण होण्याच्या तीन महिने आधी श्रावणबाळची प्रक्रिया आपोआप सुरू करता येईल. त्यासाठी आधी २१ हजारांची अट बदलावी लागेल. हयातीचा दाखला गावातच, घरी जाऊन घेता येईल.

भंडारा हा सात तालुक्यांचा, २०११ च्या जनगणनेनुसार १२ लाख लोकसंख्येचा छोटा जिल्हा आहे. असा प्रयोग करून बघायला यापेक्षा सोयीची जागा कुठली?

तुमच्या घरी कुणी ६५ च्या जवळ असेल तर?

दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव आहे का, हे ग्रामपंचायतीत आधीच तपासा. श्रावणबाळचा अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत होतो. त्याची पोच मागून घ्या आणि नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

आणि गावात, पुढच्या निवडणुकीत कुणी 'रक्कम वाढवू' म्हणालं, तर एक प्रश्न नक्की विचारा: २१ हजारांच्या अटीचं काय?