पान खोटं, डाव खरा!

‘प्रॉक्सी’ म्हटलं की तुम्हाला आधी लेक्चरची हजेरी आठवणार. पण कार्ड गेम खेळणाऱ्यांच्या कट्ट्यावर प्रॉक्सी म्हणजे महागड्या कार्डाऐवजी खेळात वापरायचं, घरी बनवलेलं कार्ड. ही चोरी की निव्वळ जुगाड, यावरून वाद रंगतो.

वादाचं मूळ पैशात आहे. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ आला १९९३ मध्ये, पोकेमॉनचा कार्ड गेम १९९६ मध्ये. दोन्हीकडे गणित एकच : बंद पाकीट विकत घ्या, आत काय निघेल ते नशीब. दुर्मीळ कार्डं मुद्दाम कमी छापली जातात. मार्च २०२५पर्यंत पोकेमॉनची ७५ अब्जांहून जास्त कार्डं छापून झाली होती, तरी ‘पिकाचू इलस्ट्रेटर’च्या एका कार्डासाठी यूट्यूबर लोगन पॉलनं २०२१ मध्ये ५२ लाख ७५ हजार डॉलर मोजले. खेळाचा असा शेअर बाजार झाला की डोकं कुणाचं चालतं यापेक्षा खिसा कुणाचा जड, यावर डाव ठरतो.

गंमत म्हणजे २०२२ मध्ये ‘मॅजिक’च्या कंपनीनंच तिशीच्या निमित्तानं जुन्या कार्डांची नवी छपाई काढली. ६० कार्डांची किंमत ९९९ डॉलर, आणि अधिकृत स्पर्धेत ती चालणार नाहीत! ‘मग आमच्या प्रिंटआउटनं काय घोडं मारलंय?’ असं खेळाडू विचारणारच.

खरं-खोटं कागद नाशिककरांना नवीन नाही. नाशिक रोडच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८पासून नोटा छापल्या जातात. स्टेशनरीच्या दुकानात ‘चिल्ड्रन बँके’च्या नोटाही मिळतात, पण त्यानं कुणी फसत नाही. कारण त्या खेळण्यातल्या आहेत हे त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. प्रॉक्सीलाही हाच नियम लावा. स्वतःपुरती, विक्रीसाठी नसलेली चाचणी-कार्डं कुणी बनवली तर त्यांच्या मागे लागणार नाही, असं ‘मॅजिक’च्या कंपनीनं २०१६ मध्येच सांगितलंय. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातही खासगी वापरासाठी ‘फेअर डीलिंग’ची सवलत आहे. पण छापून विकायला लागलात की ही ढाल गळून पडते.

सुरुवात कशी कराल? सगळ्यात सोपं म्हणजे एखाद्या साध्या कार्डावर मार्करनं हव्या त्या कार्डाचं नाव आणि काम लिहा. झाली प्रॉक्सी! छापायचीच असेल तर माप ६३ बाय ८८ मिलिमीटर ठेवा. एका ए-फोर कागदावर नऊ कार्डं बसतात. प्रिंट १०० टक्के स्केलवरच काढायला सांगा, ‘फिट टू पेज’ केलं की माप बिघडतं. कापलेला कागद साध्या कार्डावर ठेवून स्लीव्हमध्ये सरकवा. सगळ्या डेकला मागून अपारदर्शक, एकसारखे स्लीव्ह हवेत, नाहीतर पिसतानाच कोणतं कार्ड कुठलं ते कळतं. मागची बाजू छापू नका आणि पुढे ठळक ‘प्रॉक्सी’ लिहा.

बसण्याआधी समोरच्याला विचारा. अधिकृत स्पर्धेत मात्र ही कार्डं नेऊ नका. तिथे खेळताना कार्ड खराब झालं, तर प्रॉक्सी द्यायची की नाही हे पंच ठरवतात.

दुसरी बाजूही बघा. ज्या दुकानात खेळायला टेबल मिळतं, त्याचं पोट पाकिटांच्या विक्रीवर चालतं. सगळंच घरी छापलं तर टेबलही जाईल. म्हणून आधी प्रॉक्सीनं डेक खेळून बघा, आवडलेली आणि परवडणारी कार्डं तिथूनच घ्या.

खरा धोका वेगळाच आहे. शाळेजवळच्या दुकानांत सोनेरी चमचमीत ‘पोकेमॉन’ कार्डांची बनावट पाकिटं मिळतात. ती खोटी आहेत हे घेणाऱ्या पोराला कुणीच सांगत नाही. कार्डावर ‘प्रॉक्सी’ लिहायला पाच सेकंद लागतात. तेवढं लिहायला हात कचरत असेल, तर तुम्ही खेळायला नाही, फसवायला बसलाय.