ग्रबिंग म्हणजे काय रे भाऊ?

परवा अल ऐनजवळच्या एका साईटवर जाण्याचा योग आला. तीन महिन्यांपूर्वी साफ करून दिलेल्या जागेवर वेड्या बाभळीची गुडघ्याएवढी झुडपे पुन्हा डोलत होती. कंत्राटात शब्द होते 'क्लिअरिंग अँड ग्रबिंग'. माणसांनी क्लिअरिंग केले होते, ग्रबिंगला हात लावला नव्हता. फोरमन केरळचा. तो मला निरागसपणे म्हणाला, "साब, दोनों एक ही है ना?"

एक नाही हो! क्लिअरिंग म्हणजे जमिनीच्या वरचे काढणे, ग्रबिंग म्हणजे बुडखे आणि मुळे खणून काढणे. मूळ अर्थच 'खणणे'. जर्मनमधला याचा भाऊ 'ग्र्यूबेल्न', म्हणजे मनात तेच तेच उकरत बसणे (आमच्या घरी हे काम आजी करायची). रस्त्याखाली बुडखा राहिला की तो कुजतो, पोकळी होते, वरचा रस्ता खचतो. भारताच्या रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशनमध्येही २०१ क्रमांकाचे कलम याच जोडशब्दाचे आहे. आणि वेड्या बाभळीचे तर विचारूच नका, वरून तोडली की बुडख्यातून दुप्पट जोमाने फुटते.

गंमत म्हणजे त्याच साईटवर पट्टी बांधून राखलेली दोन घाफची झाडे होती. घाफ म्हणजे आपली शमी! २००८ पासून ती इथला राष्ट्रीय वृक्ष आहे, तिला हात लावायची सोय नाही. वेड्या बाभळीला इथे 'घुवैफ' म्हणतात, म्हणजे छोटा घाफ. वाळवंट हिरवे करायला म्हणून बाहेरून आणली, आता उपटता उपटता नाकी नऊ आलेत. नाव धाकट्या भावाचे, वागणूक भाडेकरूची.

आता मराठीचे. मी पाहिलेल्या मराठी कामाच्या कागदांत या दोन्ही शब्दांचे मिळून 'झाडेझुडपे काढून जागा साफ करणे' एवढेच होते. म्हणजे महत्त्वाचा अर्धा भाग गळाला, आणि पुढे रस्ता खचला की भांडण! बरे, भाषा गरीब आहे म्हणावे तर तसेही नाही. एका तण काढण्याला आपण कुठे खुरपणी म्हणतो, कुठे भांगलण, कुठे निंदणी, कोकणात बेणणी. आणि मुळासकट काढायला 'निर्मूलन' हा देखणा शब्द आहे. इंग्रजीतल्या 'इरॅडिकेट'च्या पोटातही लॅटिन मूळच बसलेय, ज्यातून त्यांचा रॅडिश आला, जसा आपल्या मुळापासून मुळा.

पण हा शब्द आपण वापरला कुठे? १९७१ साली झोपडपट्ट्यांचा कायदा झाला. इंग्रजीत त्याच्या नावात 'क्लिअरन्स' आहे, मराठीत 'निर्मूलन'. म्हणजे जिथे मूळ इंग्रजीने फक्त जागा मोकळी करण्याची भाषा केली, तिथे मराठीने माणसांच्या वस्तीला मुळासकट उपटण्याचा शब्द लावला. आणि जिथे खरोखर मुळे काढायची असतात तिथे नुसतीच 'साफसफाई'. मला हे अजिबात पटत नाही. रोगाचे निर्मूलन म्हणा, अंधश्रद्धेचे म्हणा, पण झोपडीत राहणाऱ्याचे पोटापाण्याचे मूळ त्याच शहरात असते, ते कोण उपटणार? आणि का?

ग्रबिंगसाठी संस्कृत शब्द घडवायच्या फंदात मात्र कोणी पडू नये. गावाकडचा कोणीही 'बुडखे खणणे' म्हणेल आणि कुदळ घेऊन नेमके तेच करेल. मी फोरमनला हिंदीत "जड़ से खोदो" म्हटले. त्याने मल्याळममध्ये काहीतरी एका शब्दात सांगितले, आणि जेसीबी वळला.