सकाळीं न सुरू होणारी जुनी स्कूटर

आजीच्या वेळचें तांब्याचें घंगाळ जसें कांहीं घरांत अजून वापरांत असतें, तशी कांहीं घरांत जुनी स्कूटरही अजून नांदत आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत तर तिच्याविषयीं ममत्व वाटण्यास विशेष कारण आहे. इ. स. १९७५ मध्यें पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनीं मिळून महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना साताऱ्यास उभारला. तेथील 'प्रिया' आणि तिची थोरली बहीण शोभणारी, १९७२ पासूनची 'चेतक', या दोन गाड्यांनीं मध्यम स्थितींतील कुटुंबांना प्रथमच स्वतःचें वाहन दिलें. त्या काळीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. पेट्रोलवर चालणाऱ्या या दोन्ही गाड्यांचें उत्पादन आतां थांबलेलें आहे. चेतक हें नांव २०२० पासून विजेवर चालणाऱ्या गाडीस मिळालें आहे. परंतु जुन्या गाड्या कितीएक वाड्यांच्या दिंडीदरवाजाआड अजून उभ्या आहेत, आणि त्यांतील बऱ्याचशा सकाळीं सुरू होण्यास कुरकुर करतात.

अशा वेळीं घरांत जें घडतें तें सर्वांच्या परिचयाचें आहे. चिरंजीव किक मारून घामाघूम होतात, वडील गाडी कलती करण्यास सांगतात, काका चोक ओढण्यास सांगतात, शेजारचे गृहस्थ ढकलण्यास येतात, आणि शेवटीं "आतां ही विकून टाका" असा निकाल लागतो. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हा निकाल चौकशीपूर्वीं दिला जातो. गाडी कधीं रुसत नाहीं. इंजिनास तीन गोष्टी लागतात : पेट्रोल, ठिणगी आणि हवा. या तिहींपैकीं एक कमी पडली म्हणजे तें थांबतें. चौकशीही याच क्रमानें करावी, आणि एका वेळीं एकच गोष्ट तपासावी. चार जणांनीं चार उपाय एकदम केले, तर गाडी चुकून सुरू झाली तरी दोष कोणता होता हें कळत नाहीं, आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तोच प्रसंग उभा राहतो.

हें सकाळींच कां घडतें? इंजिनांत पेट्रोल पेटण्यापूर्वीं त्याची वाफ व्हावी लागते, आणि थंड इंजिनांत ती पुरेशी होत नाहीं. म्हणून आरंभीं पेट्रोलचें प्रमाण वाढवावें लागतें. चोक ओढल्यानें हवा कमी होऊन तेंच साधतें. गाडी आपल्याकडे कलती करण्याची जी रूढि आहे, तीही निरर्थक नव्हे. त्यामुळें कार्ब्युरेटरमधील पेट्रोल हलून थोडें अधिक इंजिनाकडे जातें. मात्र चोक ओढलेला असतां वारंवार गाडी कलती केल्यास पेट्रोलचा पूर होतो, आणि ओला झालेला प्लग ठिणगी देत नाहीं. औषधाची मात्रा दुप्पट घेतल्यानें रोग दुप्पट वेगानें बरा होत नसतो.

प्रथम पेट्रोल पाहावें. टाकी उघडून तें खरोखर आहे कीं नाहीं हें पाहणें कोणास हास्यास्पद वाटेल, पण कॉक बंद राहिलेला असणें अथवा पेट्रोल राखीव पातळीच्या खालीं गेलेलें असणें हींच कारणें नेहमीं आढळतात. टाकींत पाहतांना काडी पेटवूं नये. दिंडींत किंवा बोळांत गाडी ठेवण्याची ज्यांची रीत आहे, त्यांनीं देवघरांतील निरांजन व स्वयंपाकघरांतील शेगडी यांपासून ती दूर, अंगणांत आणूनच हें काम करावें. त्यानंतर कॉक बंद करून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडावी, तिच्याखालीं वाटी धरावी व कॉक क्षणभर उघडावा. धार अखंड आली तर टाकीचा मार्ग मोकळा आहे. थेंब थेंब येत असेल, तर कचरा अडकला आहे, किंवा टाकीच्या झांकणाचें हवेचें छिद्र बुजलें आहे. या गाड्यांत पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागतें. तें साधारणतः एका लिटरास २० मिलिलिटर असतें, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेंतील प्रमाणच खरें मानावें. तें आधीं नीट न मिसळतां टाकींत नुसतें ओतलें, तर जड असल्यामुळें तळाशीं बसतें आणि सकाळीं पहिल्यानें तेंच कार्ब्युरेटरांत उतरतें.

दुसरी गोष्ट ठिणगी. प्लगपान्यानें प्लग काढून त्याचें तोंड पाहावें. वैद्य जीभ पाहतो तसेंच हें आहे. तोंड अगदीं कोरडें असेल, तर पेट्रोल इंजिनापर्यंत पोहोंचत नाहीं. ओलें असेल, तर पेट्रोल येतें पण पेटत नाहीं. काळें व तेलकट असेल, तर तेल अथवा पेट्रोल प्रमाणाबाहेर जात आहे. प्लग पुसून, घांसून स्वच्छ करावा आणि त्याच्या दोन टोंकांमधील अंतर सुमारें ०.६ मिलिमीटर ठेवावें. मग तो टोपणांत बसवून, प्लगच्या भोकापासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूस टेकवावा आणि दुसऱ्या कोणी किक मारावी. हातानें धातूचा भाग धरूं नये. झटका चांगलाच बसतो. निळी, कडकडीत ठिणगी पडली तर ठीक. पिवळी व अशक्त पडली, किंवा मुळींच पडली नाहीं, तर दुसरा चांगला प्लग लावून पाहावा. तरीही तेंच घडलें तर पॉइंट काजळले आहेत, किंवा टोपण वा वायर ओलसर आहे. मॅग्नेटोवर चालणाऱ्या जुन्या गाडीस ठिणगीसाठीं बॅटरी लागत नाहीं, म्हणून मोटारीप्रमाणें बॅटरीस दोष देण्यांत अर्थ नसतो. साताऱ्याकडील पावसाळ्यांत दंव आणि ओल इतकी असते कीं, कोरड्या फडक्यानें टोपण पुसल्यावरच गाडी सुरू झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ सांगतां येतील.

तिसरी गोष्ट हवा. हवेची जाळी धुळीनें भरलेली नाहीं ना, आणि सायलेन्सर काजळीनें कोंदलेला नाहीं ना, हें पाहावें. ज्या इंजिनांत तेल जळतें त्याच्या धुराच्या वाटेंत काजळी सांचतेच. मागून धूर नीट निघाला नाहीं, तर पुढून हवा आंत येत नाहीं. हें सर्व ठीक असूनही किक पायाखालीं अगदीं सैल जाऊं लागली, तर इंजिनांतील रिंगा झिजल्या आहेत असें समजावें व कारागिराकडे जावें. साताऱ्याच्या उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्यें टाकून सुरू करण्याची सोय आहे. सांगलीच्या सपाट रस्त्यावर तेंच काम दोघांच्या बळावर करावें लागतें. परंतु ही तात्पुरती सोय आहे, उपचार नव्हे.

अलीकडे या दुखण्यांत एका नव्या कारणाची भर पडली आहे, आणि तें आमच्याच शिवारांतून आलें आहे. ऊंसापासून होणारें इथेनॉल पेट्रोलमध्यें मिसळण्याचें प्रमाण देशांत जून २०२२ मध्यें १० टक्क्यांवर, आणि २०२५ मध्यें २० टक्क्यांवर गेलें. कृष्णाकांठच्या ऊंस-बागाइतदारास व साखर कारखान्यांस यांत लाभ आहे, आणि परदेशी तेलाचा खर्चही कांहीं अंशीं वांचतो. हें आम्ही मान्य करतों. पण पन्नास वर्षांपूर्वीं आंखलेल्या गाडीस हें इंधन अपरिचित आहे. इथेनॉल हवेंतील पाणी शोषून घेतें. पाणी फार झालें म्हणजे दोन्ही मिळून टाकीच्या तळाशीं बसतात. थंडींत त्याची वाफ कष्टानें होते. एका लिटर इथेनॉलांत पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांशच उष्णता असते, आणि इंजिनास मिळणारें मिश्रणही विरळ पडतें. शिवाय तें जुन्या रबरी नळ्या व पडदे फुगवितें, आणि टाकींतील जुना गाळ सोडवून जेटच्या बारीक छिद्रांत आणून ठेवितें. उपाय सोपे आहेत : गाडी क्वचित् चालत असेल तर टाकी भरून ठेवूं नये, चार-आठ दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटरांतील पेट्रोल संपेपर्यंत इंजिन मोकळ्या हवेंत चालवावें, जुन्या नळ्या बदलाव्या, आणि वर्षांतून एकदां जेट साफ करून घ्यावा.

सांगलीकरांस आणखी एक सूचना आवश्यक आहे. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलापाशीं कृष्णेचें पाणी ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांवर गेलें, आणि हजारों वाहनें बुडालीं. पुरांतून निघालेल्या गाडीस उत्साहानें किक मारणें हाच मोठा घात होय. सिलिंडरमधील पाणी दाबलें जात नाहीं. त्यामुळें आंतील दांडा वांकतो. आधीं प्लग काढून पाणी बाहेर सांडावें, टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे, गिअरबॉक्सचें तेल दुधाळ झालें असल्यास बदलावें, आणि मॅग्नेटो उघडून वाळवून घ्यावा.

आतां थोडें गृहव्यवस्थेविषयीं. बहुतेक घरांत गाडीच्या खोडी एकट्या आजोबांस ठाऊक असतात. चोक किती ओढावा, कोणत्या किकेस ती सुरू होते, प्लग कधीं बदलला, हें सर्व त्यांच्या मनांत असतें, आणि ते गांवीं गेले कीं घर अडतें. आजोबांनीं ही माहिती किल्लीसारखी कनवटीस लावून ठेवूं नये. एक वही करावी. तींत पेट्रोल, तेल, प्लग व दुरुस्ती यांच्या तारखा लिहाव्या. आणि प्लग काढण्याचें काम नातवाप्रमाणेंच नातीला व सूनबाईलाही शिकवावें. सकाळीं आठ वाजतां कामावर जाणारी सून रस्त्यावर अडकली, तर तिनें कोणाची वाट पाहावी? पंचवीस रुपयांच्या फडक्यानें व एका पान्यानें जें काम होतें, तें पुरुषांचेंच मानण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं.

शेवटीं गाडी ठेवावी कीं काढावी, हा प्रश्न उरतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण करून घ्यावें लागतें, व पुढें दर पांच वर्षांनीं पुनः तपासणी होते. पर्यावरण कर, विमा व धुराचें प्रमाणपत्र हीं आहेतच. पत्रा सडला असेल, ब्रेक धरत नसतील, सुटे भाग मिळत नसतील, तर ममत्वापायीं मुलांचे जीव धोक्यांत घालूं नयेत. गाडीस सन्मानानें निरोप द्यावा. पण केवळ सकाळीं सुरू होत नाहीं, एवढ्याच अपराधासाठीं तिला भंगारांत धाडण्यापूर्वीं तिला तीन प्रश्न क्रमानें विचारावे. बहुधा पहिल्या दोहोंतच उत्तर सांपडतें.