बूच लावलंय का?

मागच्या ऑक्टोबरमध्ये आम्ही चार शहाण्या इंजिनियर लोकांनी स्वतःची होडी स्वतःच बुडवायचा बेत जवळजवळ तडीस नेला. त्याची ही गोष्ट. म्हणजे खरं तर गोष्ट बोदलकशाची आहे, पण सुरुवात पुण्यापासून करावी लागेल.

आम्हा चौघांत मिळून एक सेकंडहँड शिडाची होडी आहे. फायबरची, छोटीशी, दोन माणसं नीट मावतील अशी. पुण्याजवळच्या एका धरणाच्या काठावर ती पावसाळाभर ताडपत्रीखाली पालथी पडून असते. पाऊस ओसरला, दसरा झाला की आमचा सीझन सुरू. व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज पडतो, "रविवारी होडी पाण्यात घालायची!" आणि चौघांचे चार अंगठे येतात. पण "शनिवारी घासायला कोण येतंय?" या मेसेजला मात्र दोन निळ्या टिकांशिवाय काही येत नाही. :-)

तर मागच्या वर्षी शनिवार झालाच नाही. रविवारी थेट ताडपत्री काढली, होडी उलटी केली, डोलकाठी उभी केली, शीड चढवलं आणि निघालो. वारा सुरेख होता. पाच मिनिटांत होडी जड वाटायला लागली. मित्र म्हणाला, वारा पडला बहुतेक. वारा पडला नव्हता. होडीच्या मागच्या फळीत तळाशी पाणी काढून टाकायला एक भोक असतं, त्याचं बूच लावायचं राहिलं होतं. प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने लावलं असणार. (ऑफिसमध्ये रिलीजच्या रात्री हाच डायलॉग आपण किती वेळा ऐकतो?)

घरी येऊन हिशेब केला. इंचभर व्यासाचं भोक, पाण्याच्या पातळीखाली वीतभरापेक्षा थोडं कमी. सुरुवातीला सेकंदाला अर्धा लिटर पाणी आत येतं. मिनिटाला दोन बादल्या. पाच मिनिटांत दीडशे लिटर, म्हणजे दोन अदृश्य माणसं येऊन बसल्यासारखं! त्यातून ही अदृश्य माणसं एका जागी बसत नाहीत. होडी जिकडे कलेल तिकडेच सगळी धावतात आणि तिला आणखी कलंडवतात. काठ जवळ होता आणि अंगात जॅकेटं होती, म्हणून हे लिहायला मी आहे.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी दिवाळीला घरी गेलो. घर तिरोड्याचं. तिरोडा म्हटलं की पुण्यातले लोक चेहरा कोरा ठेवून "अच्छा अच्छा" म्हणतात, म्हणून सांगतो. गोंदिया जिल्हा, १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झालेला. भाताचा आणि तलावांचा मुलूख. नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेला बोदलकसा तलाव हा त्यातलाच एक. १९१७ मध्ये बांधलेलं मातीचं धरण, साधारण अर्धा किलोमीटर लांब. तीन बाजूंनी जंगलाच्या टेकड्या, मध्ये पाणी. हिवाळ्यात पक्षी येतात, आणि त्यांच्या मागे कॅमेरे घेऊन आपण.

तिथे वडिलांच्या ओळखीचे एक काकाजी आहेत. जातीने ढिवर, म्हणजे पिढ्यान् पिढ्यांचे मासेमार. लहानपणी त्यांच्या डोंग्यात बसायला मिळावं म्हणून मी काय काय केलंय ते इथे लिहिण्यासारखं नाही. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर काकाजी मोहाच्या झाडाखाली डोंगा पालथा घालून बसलेले. पावसाळाभर तो तिथेच होता. आता मासेमारीला निघायच्या आधीची डागडुजी चालली होती.

मी म्हटलं, "काकाजी, आज निघायचं का?"

"आज काहून? चार दिस लागन बापू."

चार दिवस! बारा फुटी लाकडी डोंग्याला! आमच्या शीड, डोलकाठी, सुकाणू असलेल्या होडीला आम्ही चाळीस मिनिटं दिली होती.

मला सुट्टी होती, म्हणून बसून राहिलो आणि पाहिलं. आधी खुरप्याने सगळं शेवाळ आणि जुनं सुटलेलं डांबर खरवडून काढलं. मग दोन ओंडक्यांवर डोंगा ठेवून काकाजी त्याच्या खाली आडवे झाले आणि उन्हाकडे तोंड करून बघत राहिले. जिथून उजेड दिसेल तिथे फट. नातू बाहेरून तिथे खडूने खूण करत होता. काही साधन नाही, खर्च शून्य, आणि एकही फट सुटत नाही. मग प्रत्येक फटीत कापसाची वळलेली दोरी बोथट छिन्नीने ठोकून बसवली आणि वरून कढत डांबर. प्रत्येक खिळा बोटाने दाबून पाहिला. दोन बदलले. वल्ह्याचा दांडा गुडघ्यावर ठेवून वाकवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी डांबर वाळू दिलं. तिसऱ्या दिवशी डोंगा उथळ पाण्यात सोडला आणि खुंटीला बांधून ठेवला. रिकामाच. मी म्हटलं, आता बसू का? तर म्हणाले, "आज नाई. आज पिऊ दे त्याले पानी."

हे मला नंतर कळलं. वाळलेलं लाकूड आक्रसतं, फळ्यांमधले सांधे उघडतात. पाण्यात राहिलं की लाकूड फुगतं आणि सांधे आपोआप आवळले जातात. पहिल्या रात्री थोडं पाणी आत येणारच. ते किती येतं आणि कुठून येतं, हे बघायलाच ती रात्र असते. चौथ्या दिवशी सकाळी डब्याने पाणी उपसलं, एका सांध्याला पुन्हा डांबर लावलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि काकाजी एकटे बसून काठाकाठाने एक चक्कर मारून आले. मग मला बसवलं.

मी माझ्या पुणेरी शहाणपणात विचारलं, "हे सगळं नीट झालंय की नाही, चेक कोण करतं?"

काकाजींना प्रश्नच कळला नाही. "चेक कोन करन? मीच तं बसतो न जी त्याच्यात."

बस. मला जे म्हणायचंय ते सगळं या एका वाक्यात आहे. ज्याने होडी तयार केली तोच पहिला तिच्यात बसतो, तोवर वेगळ्या तपासनिसाची गरज पडत नाही. घोटाळा सुरू होतो तो तयार करणारा एक, चालवणारा दुसरा, पैसे घेणारा तिसरा आणि बसणारा चौथा असतो तेव्हा. आमच्या होडीत तर चौघंही मालक, चौघंही बसणारे, आणि तयार करणारा कोणीच नाही!

हे फक्त आमच्या हौसेपुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण जरा मागे वळून पाहा. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ जण बुडाले. रविवारची सहल होती, तुमच्या-माझ्यासारखी तरुण पोरं. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेची सहल गेली होती. बारा मुलं आणि दोन शिक्षिका परत आल्या नाहीत. क्षमतेपेक्षा जास्त माणसं आणि बहुतेकांच्या अंगात जॅकेट नाही, असं त्यानंतर समोर आलं. त्याच महिन्यात आमच्याच वैनगंगेत, खाली गडचिरोलीच्या चामोर्शी तालुक्यात, मिरची तोडायला नदी ओलांडून निघालेल्या सहा बायका बुडाल्या. त्यांची तर सहलही नव्हती, त्या मजुरीला निघाल्या होत्या.

प्रत्येक वेळी आपण "दुर्दैवी घटना" म्हणतो. दैवाचा भाग असेलही, वारा-पाणी कोणाच्या हातात नाही. पण किती माणसं बसवायची हे दैव ठरवत नाही. काकाजींच्या डोंग्याचंच गणित घ्या. पाण्यावर टेकलेला भाग साधारण अडीच चौरस मीटर. म्हणजे दर पंचवीस किलोला डोंगा एक सेंटिमीटर खाली जातो, एका माणसाला अडीच सेंटिमीटर. रिकाम्या डोंग्याचा काठ पाण्याच्या वर वीसेक सेंटिमीटर. सहा माणसं बसली की पंधरा गेले, उरले पाच. तीन बोटं! आता एकाने सेल्फीसाठी कडेला झुकायचा अवकाश. हे गणित सातवीतल्या मुलाला येतं. फक्त ते काठावर करायला हवं, पाण्यात नाही.

कायद्याचं म्हणाल तर एक गमतीशीर योगायोग आहे. बोदलकशाचा बांध झाला त्याच १९१७ साली इंग्रजांनी देशातल्या अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा केला. पण तो यंत्रावर चालणाऱ्या बोटींचा, वल्ह्याच्या डोंग्याला त्यात जागा नव्हती. ती जागा मिळाली थेट २०२१ च्या नव्या कायद्यात. विनायंत्र नावांच्या नोंदणीचं काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवता येईल, अशी तरतूद आता आहे. म्हणजे कागदावर एकशेचार वर्षांनी का होईना, डोंगा दिसू लागला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, आला इन्स्पेक्टर, आला शिक्का, आणि शिक्क्याचे पैसे. ही भीती मला खरी वाटते. काकाजींसारख्या माणसाला तालुक्याला चार हेलपाटे घालायला लावून एक कागद दिला तर डोंगा एका मिलिमीटरनेही सुरक्षित होणार नाही, फक्त त्यांची चार दिवसांची मजुरी बुडेल. म्हणून माझं म्हणणं वेगळं आहे. कागद नको, दिवस ठरवा. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, तसा प्रत्येक तलावावर, प्रत्येक घाटावर सीझनच्या सुरुवातीला एक दिवस. सगळ्या नावा काठावर, लोकांसमोर. पोती भरून वजन टाका, काठ किती उरतो ते बघा, आणि किती माणसं बसायची तो आकडा नावेच्या नाळेवर फूटभर उंच रंगवा. मजुरीला जाणाऱ्या बाईला अटी-शर्ती वाचता येणार नाहीत, पण "४" वाचता येतो आणि माणसं मोजता येतात. डांबर, दोरी आणि जॅकेटं ग्रामपंचायतीने द्यावीत. पर्यटकांच्या बोटीला जॅकेट आणि रोज पाण्यावर जाणाऱ्या मासेमाराला काहीच नाही, हा उफराटा न्याय आहे.

आणि दुसऱ्या दिवशी त्या नावेतून पहिली चक्कर तपासणाऱ्या साहेबांनी स्वतः मारावी. सहकुटुंब. याने जेवढी तपासणी नीट होईल तेवढी कुठल्याही फॉर्मने होणार नाही, पैजेवर सांगतो.

बाकी आपण काय करायचं? तुम्ही शीड लावायला जाणार नसाल, पण बोटीत बसायला तर जाताच. गणपतीपुळे, कोयना, बोदलकसा, कुठेही. तर बसण्याआधी तीन प्रश्न विचारा. किती माणसांची बोट आहे? जॅकेट सगळ्यांना आहे का (आणि पट्टा लागतो का, नुसतं अंगावर टाकलेलं जॅकेट पाण्यात डोक्यावरून निघून जातं)? आणि तळाला पाणी दिसतंय ते कुठून आलं? उत्तर मिळालं नाही तर काठावर भजी खा आणि परत या. बोटवाला चिडेल. चिडू दे. मित्र हसतील, त्यांनाही हसू दे.

यंदा आमचा ऑक्टोबर वेगळा आहे. मेसेज टाकताना मी नियम घातला, शनिवारी जो घासायला येईल तोच रविवारी बसेल. एक जण गळाला, आम्ही तिघं उरलो. मागच्या शनिवारी डोलकाठीच्या तारांवरून कापूस फिरवला, दोन ठिकाणी अडकला, म्हणजे तिथे तारेचा पदर तुटलेला. ती तार आता बदलायची आहे. शिडाचं कापड ठणठणीत आहे, पण उन्हाने शिलाईचा दोरा नखानेसुद्धा तुटत होता. ते शीड मागच्या वर्षी आम्ही चाळीस मिनिटांत चढवलं होतं, आठवून अंगावर काटा आला. बुचाला हातभर दोरी बांधून ती होडीला कायमची अडकवून टाकली. आणि त्याच्यावर लाल रंगाने मोठ्ठं लिहिलं, "मी लावलं."

त्याखाली सही करायची. ज्याने लावलं त्याने.

असो. शीड शिवायला दिलंय, तार यायची आहे, म्हणजे हाही रविवार कोरडाच जाणार. काकाजींना चार दिवस लागले होते, आम्हाला तीन आठवडे लागले तर लागू देत. उरलेला सँडपेपर घेऊन मी शनिवारी सकाळी सातला काठावर आहे.