न्यायासनावर ‘आपला माणूस’ नको

आणीबाणीत नाशिक रोडच्या मध्यवर्ती कारागृहात संघ, जनसंघ आणि समाजवादी पक्षाचे कार्यकर्ते ‘मिसा’खाली स्थानबद्ध होते. आरोपपत्र नाही, खटला नाही, सुटकेची मुदत नाही. अशा बंदिवानांना न्यायालयात दाद मागता येते, असा निर्वाळा ९ उच्च न्यायालयांनी दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी तो ४ विरुद्ध १ मतांनी फिरवला. विरोधात उभे राहिले एकटे न्या. हंसराज खन्ना. जानेवारी १९७७ मध्ये त्यांची ज्येष्ठता डावलून न्या. बेग यांना सरन्यायाधीश करण्यात आले. खन्नांनी राजीनामा दिला.

हा पायंडा १९७३ चा. केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागताच, दुसऱ्याच दिवशी, न्या. शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर यांना मागे सारून न्या. राय यांची नेमणूक जाहीर झाली. न्यायाधीशाची विचारसरणीही पाहिली पाहिजे, असे समर्थन मंत्री कुमारमंगलम यांनी लोकसभेत केले. ‘बांधिल न्यायव्यवस्था’ म्हणतात ती हीच.

फेब्रुवारी १९७८ मध्ये जनता सरकारची परीक्षा झाली. ज्येष्ठतेनुसार न्या. यशवंत चंद्रचूड यांची पाळी होती. पण १९७६ च्या बहुमतात तेही होते. मुंबईतील काही नामवंत विधिज्ञांनी त्यांच्या नावाला विरोध केला. मंत्रिमंडळात वाजपेयी आणि अडवाणी होते. दोघांनीही स्थानबद्धता भोगलेली. हिशेब चुकता करणे सहज शक्य होते. तरीही सरकारने ज्येष्ठताच मानली.

सूडाची वाट कोठे जाते, हे अमेरिकेत दिसते. ओबामांनी २०१६ मध्ये सुचवलेल्या गार्लंड यांच्या नावावर रिपब्लिकन बहुमताच्या सिनेटने सुनावणीच घेतली नाही. निवडणूक जवळ आहे, हे कारण. २०२० मध्ये मात्र त्याच पक्षाने निवडणुकीच्या तोंडावर बॅरेट यांना संमती दिली. तेथे निकालाआधी न्यायाधीशाचा पक्ष विचारला जातो.

आपल्याकडील न्यायवृंद पद्धत निर्दोष नाही. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत, तेही बंद दाराआड, हे लोकशाहीत खटकणारच. २०१४ चा नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला, म्हणून तो प्रश्न मिटलेला नाही. मात्र कोणतीही नवी व्यवस्था आणताना एक कसोटी लावावी: उद्या ती विरोधकांच्या हाती गेली, तरी आपल्याला निर्धास्त राहता येईल काय?

नाशिक रोडच्या बंदिवानांना न्यायासनावर आपल्या विचाराचा माणूस नको होता. सत्तेला न भिणारा हवा होता. सत्ता आपली असतानाही ही गरज विसरू नये, यातच त्या कारावासाचे सार्थक आहे.